सांगून येणारा पाहुणा

धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीपासून आमचं शेत फार लांब नव्हतं. माझ्या लहानपणी तिथे वर्षाकाठी दोन-चार विमानं उतरायची. बहुतेक निवडणुकीच्या दिवसांत. विमानाचा आवाज आला की आमचे नाना कापसातून मान वर करून बघायचे आणि मी बांधावरून पळत सुटायचो. आज त्याच धावपट्टीवरून बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण चालतं. हा क्लब १९२८ सालचा, मूळचा जुहूचा. शिरपूरला विमान प्रशिक्षणाची अकादमी आहे, जळगाव विमानतळावरही मुलं उडायला शिकतात. खान्देशातल्या आभाळात आता रोज छोटी विमानं दिसतात, पण माझ्या वाट्याला ते आभाळ आलं नाही. मी इंजिनीअर झालो, नोकरीसाठी अमेरिकेत सिअ‍ॅटलला गेलो आणि पस्तिशी जवळ आली तेव्हा तिथल्या एका फ्लाइंग क्लबमध्ये नाव घातलं. खासगी वैमानिकाचा परवाना मिळाला. क्लबचं चार आसनी सेसना १७२ तासाच्या भाड्याने घेऊन मी आजवर चौदा वेळा कॅनडात जाऊन आलो आहे.

गावी आलो की लोक एकच विचारतात. दुसऱ्या देशात आपण होऊन विमान न्यायचं म्हणजे कोणी अडवत नाही का? अडवतात, पण न सांगता गेलात तर. चौदा फेऱ्यांमध्ये जे शिकलो ते इथे मांडतो. शिरपूर, गोंदूर, जळगावला शिकणाऱ्या मुलामुलींपैकी कुणाला तरी कधी तरी हे लागेल, अशी माझी मनापासूनची अपेक्षा आहे.

१. पहिला फोन आधी करा, नकाशा नंतर उघडा.

सिअ‍ॅटलच्या उत्तरेला एव्हरेट गावी पेन फील्ड नावाचं विमानतळ आहे. तिथून कॅनडातल्या व्हिक्टोरियाला सेसना १७२ने पाऊण तासाच्या आत पोचता येतं. धुळ्याहून जळगावला एसटीने याहून जास्त वेळ लागतो. पण या पाऊण तासाची तयारी दोन दिवस आधी सुरू होते.

कॅनडाच्या सीमा सेवेला उतरण्याच्या किमान २ तास आणि जास्तीत जास्त ४८ तास आधी फोन करावा लागतो. कोण येतंय, किती जण, कुठल्या विमानतळावर, किती वाजता, किती दिवसांसाठी, सोबत काय आणताय, हे सगळं सांगायचं. अमेरिकेतून निघताना तिथल्या सरकारच्या संगणक व्यवस्थेत प्रत्येक प्रवाशाचं नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबर भरायचा. हे निघण्याच्या किमान एक तास आधी. त्याचं उत्तर ईमेलने येतं, ते वाचल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. परतताना ही अमेरिकी नोंद पुन्हा. शिवाय अमेरिकेत जिथे उतरणार, तिथल्या कस्टम्स कार्यालयाला आधी वेगळा फोन.

सुरुवातीला मला या सगळ्याचा फार ताण यायचा. मग एकदा आमच्या घरची रीत आठवली. आमच्याकडे कान्हबाईच्या रोटांच्या सणाला पाहुणे येतात. कोण कधी येणार, किती जण येणार, हे आईला आठवडाभर आधी कळलेलं असायचं, कारण खापरावर मांडे करायचे तर पुरण तेवढं शिजवावं लागतं. सांगून येणाऱ्याचं पान वाढलेलं असतं. सीमेवरही तसंच आहे. तुम्ही कोण आणि कधी येणार हे सांगितलं की समोरचा माणूस तुमची वाट बघत असतो. न सांगता उतरलात तर त्याच्या लेखी तुम्ही घुसखोर.

२. तुमच्या विमानातल्या माणसांचे कागद म्हणजे तुमचेच कागद.

मोठ्या विमान कंपनीच्या काउंटरवरची मुलगी आपला पासपोर्ट उलटसुलट करून व्हिसा बघते. आपल्या छोट्या विमानात ती मुलगी तुम्हीच आणि कंपनीही तुम्हीच. हे मला दुसऱ्या फेरीच्या तयारीत कळलं.

आमच्या ओळखीचं एक कुटुंब होतं. जळगावकडचे, नवरा एच-वन-बी व्हिसावर नोकरीला. व्हिक्टोरियाच्या बागा बघायची त्यांची फार इच्छा होती. मी म्हटलं, चला, शनिवारी नेतो. शुक्रवारी रात्री पासपोर्टचे तपशील भरायला बसलो आणि सहज विचारलं, कॅनडाचा व्हिसा कोणत्या पानावर आहे? ते म्हणाले, आपण अमेरिकेत राहतो ना, मग कॅनडाला कशाला व्हिसा लागेल? भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाला कॅनडाचा व्हिसा लागतो. अमेरिकेचं ग्रीन कार्ड असेल तर लागत नाही. पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवीत. नुसता नोकरीचा व्हिसा असेल तर लागतो. आणि त्यांच्या पासपोर्टवरच्या अमेरिकी व्हिसाच्या शिक्क्याची मुदतही संपलेली होती. तीस दिवसांच्या आत कॅनडातून परतणाऱ्याला अशा शिक्क्यावर काही अटींवर परत येता येतं, पण त्यासाठी आय-९४ ही अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद वैध हवी, ती जवळ हवी आणि कुठली अट कुणाला लागू हे आधी नीट वाचायला हवं. रात्री अकरा वाजता वाचायचा तो विषय नव्हे.

शनिवारची फेरी रद्द झाली. त्यांच्या मुलीने डबा भरून ठेवला होता. तिला समजावताना मला फार वाईट वाटलं. पण आपण उडालो असतो आणि व्हिक्टोरियाला धावपट्टीच्या कडेला त्या मुलीसमोर तिच्या बाबांना परत पाठवलं असतं, तर काय झालं असतं याचा विचार करून मी अजून अस्वस्थ होतो.

तेव्हापासून मी कुणालाही ‘नेतो’ म्हणण्याआधी पासपोर्ट मागवतो. प्रत्येकाचं प्रत्येक पान स्वतः बघतो. एकटा पालक मुलाला घेऊन येत असेल तर दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र मागतो. लोकांना सुरुवातीला अवघड वाटतं. नंतर तेच इतरांना सांगतात.

३. विमानाचेही कागद असतात.

देशातल्या देशात उडताना विमानाचं नोंदणीपत्र, उड्डाणयोग्यतेचा दाखला, माहितीपुस्तिका आणि वजनाचा हिशेब पुरतो. सीमा ओलांडायची तर अमेरिकी विमानाला रेडिओ केंद्राचा परवाना लागतो आणि वैमानिकाला रेडिओ चालवण्याचा वेगळा परवाना. विमान भाड्याचं असेल तर मालकाचं परवानगीपत्र आणि विमा त्या देशात चालतो असं लिहिलेला कागद जवळ ठेवावा. अमेरिकेत परतताना कस्टम्सचं वार्षिक स्टिकर दारावर हवं. मी एक लाल फाइल केली आहे, त्यात क्रमाने सगळं. चौदा फेऱ्यांत ती फाइल तीनदा मागितली गेली. तिन्ही वेळा अर्ध्या मिनिटात काम झालं.

४. आंतरराष्ट्रीय वेळ लिहिताना तारीखही तपासा.

हा धडा मी स्वतःच्या चुकीने शिकलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जगभरची विमानं एकच वेळ पाळतात. ग्रिनिचची ती वेळ, रेडिओवर तिला झुलू म्हणतात. भारत तिच्या साडेपाच तास पुढे. सिअ‍ॅटल आणि व्हिक्टोरिया उन्हाळ्यात सात तास मागे. म्हणजे तिथे संध्याकाळचे पाच वाजले की झुलू घड्याळात मध्यरात्र होते आणि तारीख बदलते.

जुलैतला रविवार होता. व्हिक्टोरियाहून संध्याकाळी साडेपाचला निघायचं ठरलं होतं. मी फार हुशारीने शनिवारी दुपारी तीन वाजताच उड्डाण आराखडा भरून टाकला. झुलू वेळ ००३० लिहिली, ती बरोबर होती. तारीख मात्र रविवारची लिहिली. झुलू घड्याळात रविवारचे साडेबारा म्हणजे आमच्याकडे शनिवारची संध्याकाळ! संगणकाने ती मुकाट्याने घेतली, कारण त्याच्या हिशेबाने उड्डाणाला अडीच तास बाकी होते.

दुसऱ्या दिवशी मागे मित्राची दोन मुलं पट्टे लावून बसलेली. मी टॉवरला हाक दिली. पलीकडून उत्तर आलं, तुमच्या नावाचा आराखडा आमच्याकडे नाही. आराखड्याशिवाय आणि रडारला विमानाची ओळख देणाऱ्या ट्रान्सपाँडरच्या नेमून दिलेल्या आकड्याशिवाय सीमा ओलांडता येत नाही. इंजिन बंद केलं. नवा आराखडा भरला. तोवर चाळीस मिनिटं गेली आणि अमेरिकेतल्या कस्टम्सला दिलेली वेळ हातातून निसटली.

तिथे एक गोष्ट बरोबर केली. पुन्हा उडण्याआधी मी, जिथे उतरणार होतो त्या फ्रायडे हार्बरच्या कस्टम्स अधिकाऱ्याला फोन लावला, काय चुकलं ते जसंच्या तसं सांगितलं आणि नवी वेळ दिली. ते म्हणाले, ठीक आहे, सांगितलंत हे बरं झालं. न सांगता उतरणाऱ्या वैमानिकाला अमेरिकेच्या कायद्यात पहिल्या चुकीला पाच हजार डॉलर आणि पुढच्या प्रत्येक चुकीला दहा हजार डॉलर दंडाची तरतूद आहे. मला एक डॉलरही पडला नाही. दिलेली वेळ बदलता येते, ती मोडण्याआधी कळवली तर.

आता माझ्या मनगटावर झुलू वेळेचं घड्याळ असतं, आणि आराखड्यात वेळ लिहिली की तारखेवर बोट ठेवून मोठ्याने वाचतो.

५. पाण्यावर उंची हीच ठेव.

मी पांझरेकाठचा माणूस. उन्हाळ्यात पात्र कोरडं, पावसाळ्यात पूर, त्यामुळे पोहायला शिकलोच नव्हतो. सिअ‍ॅटल आणि व्हिक्टोरियाच्या मध्ये समुद्र आहे आणि त्या पाण्याचं तापमान बारा महिने आठ-दहा अंशांच्या आसपास असतं. अशा पाण्यात धडधाकट माणसाचे हातसुद्धा थोड्याच मिनिटांत चालेनासे होतात. परवाना मिळाल्यावर मी आधी पोहणं शिकलो, मग सीमेकडे वळलो.

सेसना १७२चं इंजिन बंद पडलं तर वारा नसताना ते प्रत्येक हजार फुटांमागे साधारण दीड सागरी मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटर, तरंगत जातं. हा आकडा पाठ असेल तर नकाशा वेगळाच दिसू लागतो. व्हिडबी बेट, मग सॅन वॉन बेटं, मग हारो सामुद्रधुनी आणि पलीकडे व्हिक्टोरिया. सरळ रेषेत गेलं तर चार-पाच मिनिटं वाचतात आणि खाली पाणीच पाणी. बेटांवरून बेटांवर गेलं आणि भरपूर उंची ठेवली तर जवळजवळ सगळा वेळ कुठली ना कुठली जमीन आवाक्यात राहते. मी कायम दुसऱ्या वाटेने जातो. प्रवाशांना बेटं बघायला मिळतात, मला रात्री शांत झोप लागते.

जीवरक्षक जाकीट सीटखाली ठेवू नका, निघण्याआधीच अंगात घाला. आणि प्रत्येकाला दोनदा सांगा की ते विमानाच्या आत फुगवायचं नाही, बाहेर पडल्यावरच दोरी ओढायची. आत फुगवलं तर माणूस छताला अडकतो आणि दारापर्यंत जाऊ शकत नाही.

६. ‘मी इथे नवा आहे’ हे सांगायला संकोच नको.

माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात झालं. रेडिओवरचं भरभर इंग्रजी ऐकून पहिली दोन वर्षं माझ्या पोटात गोळा यायचा. पहिल्या फेरीत व्हिडबीच्या नौदल तळावरच्या नियंत्रकांनी मला व्हिक्टोरियाच्या नियंत्रकांकडे सोपवलं आणि तिकडून सूचना आली की अमुक ठिकाणावर पोचलात की कळवा. ते नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. स्थानिक वैमानिकांच्या तोंडातलं एखाद्या टोकाचं किंवा खाडीचं नाव असणार. ऐकलं असं दाखवून ‘हो’ म्हणायचा मोह फार मोठा होता.

मी म्हटलं, अनफॅमिलियर. वैमानिकांच्या भाषेत हा एक शब्द पुरतो. त्याचा अर्थ, मी या भागात नवा आहे. पलीकडचा आवाज लगेच मऊ झाला. त्यांनी मला दिशा दिली, उंची दिली आणि धावपट्टी कुठे दिसेल तेही सांगितलं. गावात नवा माणूस आला आणि त्याने पारावर रस्ता विचारला, तर आपल्याकडे लोक अर्धा रस्ता सोबत येतात. नियंत्रकही माणसंच असतात. पण तुम्हाला रस्ता माहीत नाही हे त्यांना कळायला हवं.

मराठी माध्यमातल्या मुलांना माझं एवढंच सांगणं आहे की नियंत्रकाला तुमचे उच्चार मोजायचे नसतात. त्याने दिलेला आकडा तुम्ही जसाच्या तसा परत म्हणता की नाही, हे त्याला हवं असतं. समजलं नाही तर ‘से अगेन’ म्हणा. दोनदा म्हणा.

७. उतरल्यावर घाई करू नका, आणि बॅगेत काय आहे ते सगळं सांगा.

व्हिक्टोरियाला उतरून नेमलेल्या जागी विमान लावलं की फक्त वैमानिकाने खाली उतरून सीमा सेवेला फोन करायचा. बाकी सगळे आत बसून राहतात. ऊन असो, मूल रडत असो, शौचालय समोर दिसत असो, तरीही. पलीकडून एक नोंद क्रमांक मिळतो, तो लिहून घ्यायचा. कधी नुसत्या फोनवर काम होतं, कधी अधिकारी येऊन विमान बघतात. तो क्रमांक हा तुमचा प्रवेशाचा पुरावा. मी तो लॉगबुकातच लिहितो, कारण सुटा कागद हरवतो आणि लॉगबुक हरवत नाही.

एकदा एका सहप्रवाशाने धावपट्टीवर उतरल्यावर मला हळूच सांगितलं की बॅगेत भरिताच्या वांग्याचं बी आहे. जळगावकडचं, स्वतःच्या परसात दोन वर्षं वाढवून जपलेलं. व्हिक्टोरियात राहणाऱ्या मेहुणीच्या बागेसाठी तो नेत होता. ज्याने डिसेंबरात तूरकाड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली आहे, त्यालाच त्या पुडीची किंमत कळेल. पण बियाणं म्हणजे रोग आणि कीड यांचं वाहन, आणि पुष्कळ देश ते प्रमाणपत्राशिवाय आत येऊ देत नाहीत. मी फोनवर ते आधीच सांगून टाकलं. अधिकारी आले, त्यांनी पुडी घेतली, पावती दिली, आभार मानले. दंड नाही, वाद नाही. मित्राचा चेहरा पडला होता. तरी संध्याकाळी तोच म्हणाला की आपल्याकडच्या कापसावर गुलाबी बोंडअळी पसरली तेव्हा काय झालं ते आपण पाहिलंय, त्यांनी घेतलं ते बरोबरच केलं.

फळं, मांस, दूध, बियाणं, रोपं, दहा हजार डॉलर किंवा त्याहून जास्त रोकड. काहीही असो, विचारायच्या आधी सांगा. सांगितलेली वस्तू फार तर हातातून जाते. लपवलेल्या वस्तूपायी विमान अडकतं.

८. इंधन लिटरमध्ये, गॅलनमध्ये की किलोमध्ये?

कॅनडात इंधन लिटरने मिळतं, माझ्या विमानाचे काटे अमेरिकी गॅलन दाखवतात. एक गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. २३ जुलै १९८३ला एअर कॅनडाच्या बोइंग ७६७मध्ये किलोग्रॅम आणि पौंडांच्या हिशेबात घोळ झाला आणि ते विमान हवेत असतानाच इंधन संपलं. वैमानिकांनी ते तरंगत नेऊन मॅनिटोबातल्या गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं, माणसं वाचली. एवढ्या मोठ्या विमानात होतं तर आपल्या विमानात का नाही होणार? मी आकडा कागदावर लिहून करतो आणि सोबतच्या माणसाला तपासायला देतो, तो वैमानिक नसला तरी. आणखी एक. चार आसनं म्हणजे चार माणसं असा हिशेब धरू नका. दोन्ही टाक्या भरल्या तर सेसना १७२मध्ये तीन मोठी माणसं आणि थोडं सामान, एवढंच नीट बसतं.

९. परत फिरणं हा प्रवासाचाच भाग आहे.

चौदा फेऱ्या झाल्या म्हणतो, पण निघालो होतो सतरा वेळा. तीनदा मागे वळलो. ढग बेटांवर खाली बसले होते, आणि एकदा सकाळचं धुकं नऊला विरेल असा अंदाज असूनही विरलं नाही. सीमेची वेळ दिलेली असते, पलीकडे कुणी तरी वाट बघत असतं, सगळे अर्ज भरलेले असतात. त्यामुळे वैमानिकाच्या मनावर एक जादा वजन येतं की आता जायलाच हवं. हे वजन मी सगळ्यात धोकादायक मानतो. शब्द पाळायला मी फार महत्त्व देतो, तरी ढगात शिरून शब्द पाळायचा नसतो. रेडिओवर सांगायचं की परत फिरतोय. उतरल्यावर कॅनडाला फोन करायचा की आज येत नाही. आजवर एकाही अधिकाऱ्याने मला त्याबद्दल वेडंवाकडं विचारलं नाही.

१०. खान्देशातून परदेशात जायचं तर?

मला हे सारखं विचारलं जातं, म्हणून माहीत आहे तेवढं सांगतो.

जळगावच्या विमानतळाचं उद्घाटन २३ मार्च २०१२ला झालं, तेही जळगावच्या लेकीच्या, तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते. धावपट्टी चांगली आहे. पण जळगाव, गोंदूर किंवा शिरपूर इथून थेट देशाबाहेर उडता येत नाही, कारण तिथे कस्टम्स आणि इमिग्रेशन नाही. आधी मुंबई, नागपूर, अहमदाबाद अशा ठिकाणी उतरायचं, शिक्के घ्यायचे, मग पुढे. भारतात नेहमीच्या प्रशिक्षण परिसराबाहेर जाणाऱ्या विमानाला हवाई संरक्षणाचा मंजुरी क्रमांक लागतो, तो नसेल तर हवाई दल चौकशी करतं. ज्या ज्या देशावरून जायचं त्या प्रत्येकाची परवानगी आधी हवी. आणि छोट्या पिस्टन विमानांचं इंधन, अ‍ॅव्हगॅस, वाटेत प्रत्येक ठिकाणी मिळेल असं नसतं. आपल्या बाजूच्या जगात नकाशा आखताना वाऱ्याआधी हे इंधन बघावं लागतं.

तरी हे झालेलं आहे. १९३० साली आगाखान पारितोषिकासाठी भारत आणि इंग्लंडमधलं अंतर एकट्याने पार करायला जे.आर.डी. टाटा आणि अ‍ॅस्पी इंजिनीअर हे दोघं विरुद्ध दिशांनी निघाले होते. इजिप्तमध्ये अबुकीरला अ‍ॅस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडले होते. जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग त्यांना दिले. बक्षीस अ‍ॅस्पींना मिळालं आणि पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. मला परक्या देशातल्या धावपट्टीवर कुणी अडलेला वैमानिक दिसला की ही गोष्ट आठवते आणि मी आधी त्याच्याकडे जातो.

आणि अलीकडची आरोही पंडित. मुंबईची मुलगी, बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकलेली. जुलै २०१८मध्ये ती आणि कीथेअर मिस्किटा ‘माही’ नावाचं दोन आसनी पिपिस्ट्रेल विमान घेऊन भारतातून निघाल्या, पाकिस्तान, इराण, तुर्कीमार्गे युरोपात पोचल्या. त्या विमानाचं रोटॅक्स इंजिन मोटारीच्या पेट्रोलवर चालतं, त्यामुळे अ‍ॅव्हगॅसचा प्रश्न हलका होतो. मे २०१९मध्ये आरोहीने स्कॉटलंड, आइसलंड, ग्रीनलंड असे टप्पे करत एकटीने अटलांटिक ओलांडला आणि कॅनडातल्या इकालुइटला उतरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अलास्काहून बेरिंग समुद्रावरून रशियातल्या अनादिरला. तिथे वाटेत तारखेची रेषाच ओलांडावी लागते. माझी एक तारीख चुकली तर चाळीस मिनिटं गेली. तिच्या प्रत्येक टप्प्यामागे जमिनीवर बसून किती जणांनी किती देशांचे अर्ज भरले असतील, याची मला चांगली कल्पना आहे. बातम्यांत ती माणसं दिसत नाहीत.

गोंदूरला शिकणाऱ्या मुलींनी हे नाव लक्षात ठेवावं. ती त्यांच्याच क्लबची आहे.

११. आराखडा बंद केल्याशिवाय चहा प्यायचा नाही.

१६ जुलै २०२१ला चोपडा तालुक्यात, वर्डी शिवारात, सातपुड्याच्या कुशीत एक प्रशिक्षण विमान कोसळलं. प्रशिक्षक गेले. शिकाऊ मुलगी जखमी होती. डोंगरातली आदिवासी माणसं धावत आली. रस्ता नव्हता, स्ट्रेचर नव्हतं. एका आदिवासी बाईने अंगावरची साडी काढून दिली, तिची झोळी झाली आणि त्या झोळीतून त्या मुलीला खाली नेलं. मी हे सिअ‍ॅटलला वाचलं आणि कितीतरी वेळ उठलो नाही.

तिथे आवाज ऐकायला माणसं होती. समुद्रावर असं कोण असणार? तिथे तुम्हाला शोधायला निघणाऱ्याच्या हातात तुमचा आराखडा एवढाच धागा असतो. त्यात रंग लिहिलेला असतो, माणसं किती ते असतं, इंधन किती तास पुरेल ते असतं, जाकिटं आहेत की नाहीत ते असतं. म्हणून तो खरा भरायचा. आणि पोचल्यावर फोन करून बंद करायचा. पोचण्याची वेळ टळून अमेरिकेत अर्धा तास आणि कॅनडात एक तास झाला की चौकशी सुरू होते, मग शोध. तुम्ही उपाहारगृहात चहा पीत बसलेले असाल तर तेवढा वेळ शोधपथक दुसऱ्या कुणाच्या कामी येऊ शकत नाही.

मी उतरल्यावर तीन फोन करतो. एक सीमा सेवेला, एक आराखडा बंद करायला आणि तिसरा धुळ्याला. उन्हाळ्यात आमच्यात साडेबारा तासांचं अंतर असतं. मी सकाळी दहाला उतरलो तर तिकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. नाना आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत, नवाला झोपणारे. पण मी उडणार हे त्यांना आदल्या दिवशी सांगितलेलं असतं आणि त्या रात्री ते उशाशी फोन घेऊन जागे राहतात. पहिल्या घंटेला उचलतात.

‘‘उतरना का रे?’’

‘‘उतरनू, नाना.’’

मग ते फोन ठेवतात.